उसने ठोके

डोहाळजेवणाला इरावती हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून बसली होती. तिचं बाळ मात्र शेजारी काचेच्या गर्भाशयात वाढत होतं आणि त्याला रात्रंदिवस रोझलीन सिस्टरांच्या हृदयाचे ठोके ऐकवले जात. शांत ठोके ऐकणारी बाळं छान वाढतात, असं संशोधनात दिसलं होतं. तीन गर्भपातांनंतर इरावतीचं काळीज सतत धडधडत असे.

"आज तरी माझे लावा," ती म्हणाली. "ओटी माझी भरताय ना?"

सिस्टरांनी तिच्या छातीला चकती लावून ठोके बदलले. क्षणात बाळ पाय झाडू लागलं.

"काढा. तुमचेच लावा, बाई," इरावती घाईने म्हणाली.

बाळ लगेच निवलं, आणि इरावतीचा जळफळाट झाला.

"अगं, शेवटी तुझ्याच कुशीत येणार आहे ते," सासूबाई म्हणाल्या.

"आणि रडलं की यांना शोधणार."

इरावती उठली आणि सरळ सिस्टरांच्या छातीला कान लावून उभी राहिली.

"हलू नका. एवढं काय आहे यात, मलाही ऐकू द्या."

बराच वेळ तिने कान काढला नाही. मग तशीच, डोळे मिटून म्हणाली, "आता परत माझे लावून बघा."