पुढचं शीड

“त्याला सांगा, दोरी जरा ओढ म्हणावं,” थोरला म्हणाला.

‘तो’ म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि तो हातभर अंतरावर बसला होता. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. तरी मधे बसलेल्या ऑपरेटरबाईंनी मान वळवून निरोप पोचवला. धाकट्यानं दोरी ओढली आणि उलट निरोप दिला, की त्यांना सांगा, ओढलीय, पण सुकाणू सरळ धरलं तरच तिचा उपयोग.

बाई नाव विकत घ्यायला आल्या होत्या. जुन्या घडणीची लाकडी नाव, एक डोलकाठी, दोन शिडं. सकाळी निघावं आणि अंधार पडायच्या आत परत यावं अशी. जाहिरातीतला तिचा फोटो तीन आठवडे बाईंच्या पर्समध्ये होता. इस्पितळाच्या तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, टेलिफोनच्या बोर्डापुढे, त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर बहिणीनं विचारलं, आता काय करणार, तर म्हणाल्या, वारा खाणार. बहीण हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन हंगाम शिकवणी लावली, तीनदा पाण्यात पडल्या, आणि आता त्यांना स्वतःची नाव हवी होती. दुसरी कुठली नाही, हीच.

ही नाव भावांनी तरुणपणी मिळून घेतली होती. पुढे दोघांच्या सुट्ट्या जमेनात, तेव्हा वाटणी झाली: सम तारखा थोरल्याच्या, विषम धाकट्याच्या. वर्षभर सुरळीत चाललं. मग थोरल्याच्या लक्षात आलं, की एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, आणि दोन्ही विषम. म्हणजे वर्षातून सात वेळा धाकट्याला लागोपाठ दोन दिवस. थोरला म्हणाला, ही लबाडी आहे. धाकटा म्हणाला, कॅलेंडर मी छापलेलं नाही. तेव्हापासून चार वर्षं अबोला. एकेकट्यानं जायचं म्हणून मोठं शीड तेवढं उभं राही. पुढचं पिशवीत पडून असे, कारण त्याची दोरी सांभाळायला दुसरा माणूस लागतो. शेवटी दोघांच्याही बायका या तारखांना विटल्या आणि विकायचं ठरलं.

बाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं, पुढचं शीड उभारून दाखवल्याशिवाय मी बोलणी करणार नाही. त्यामुळे दोघांना एका वेळी नावेत चढावं लागलं. एका बाकावर बसवलेल्या वादी-प्रतिवादींसारखे ते चढले.

खाडीच्या मध्यावर येईपर्यंत बाईंनी चाळीसेक निरोप इकडून तिकडे केले. एका निरोपात ‘गाढव’ होतं, ते त्यांनी वाटेत गाळलं. हाताला आणि तोंडाला सवयच होती म्हणा. पण मन निरोपांत नव्हतं. नाव पाण्यावर अशी चालत होती, की बाईंनी मनातल्या मनात तिला नवा हिरवा रंगही देऊन टाकला होता.

तेवढ्यात एका बाजूचं पाणी काळवंडलं. वारा फिरला. समोर खडकांची रांग होती, अजून लांब, पण नाव वळवायला हवी होती.

“त्याला सांगा, मी वळवतोय,” थोरला म्हणाला.

बाईंनी तोंड उघडलं. ‘वळवतायत, दोरी सोडा’ एवढं पुरलं असतं. पण बोर्डावरचा पहिला नियम त्यांच्या हाडात भिनला होता: दोन्हीकडची माणसं फोनवर आली, की आपण मधून निघायचं. आणि त्याच क्षणी त्यांना हेही कळलं, की हे दोघं एकदा बोलले की नाव हातची गेली. भावाशी बोलणारा माणूस भावाबरोबरची नाव कशाला विकेल? फोटो तेवढा पर्समध्ये राहील.

“तुमचं तुम्ही बोला,” त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून नावेच्या तळाशी बसल्या.

थोरल्यानं सुकाणू लोटलं.

“बारक्या, सोड.”

“सोडली. दादा, डोकं!”

शिडाचा आडवा दांडा तिघांच्या डोक्यांवरून सणसणत पलीकडे गेला. धाकट्यानं दुसरी दोरी खेचली. पुढचं शीड थाप मारल्यासारखं फुगलं, नाव एका अंगावर कलली आणि चार वर्षांत धावली नव्हती तशी धावत सुटली. तिघंही नखशिखांत भिजले.

मग दोघं भाऊ थांबेचनात. असली गाठ कोण मारतं इथून सुरुवात झाली. शीड ओलं असताना पिशवीत कोणी कोंबलं, त्याला कुबट वास कोणामुळे, थोरल्याची कंबर, धाकट्याच्या मुलीची नोकरी, मधे राहून गेलेली दोन बारशी. भांडण कुठलं आणि चौकशी कुठली, काही कळत नव्हतं. बाईंना कोणी काही सांगायला सांगत नव्हतं. त्या मधे बसून खारं पाणी पुसत हसत होत्या. नाव गेली होती आणि त्यांना इतकं हसू येत होतं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

धक्क्याला लागल्यावर त्यांनी बाह्या पिळल्या, नाव झकास आहे, जपा म्हणाल्या, आणि निघाल्या. दहा पावलं गेल्यावर मागून थोरल्यानं हाक मारली. त्याच्या हातात नावेची कागदपत्रं होती.

“सही करायची ना, बाई?”

“आता कशाला विकता?” त्या म्हणाल्या. “बोलायला लागलात की.”

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. सांगायचं काम कोणी करायचं, ते बहुधा त्या दहा पावलांतच ठरलं होतं.

“आमच्याकडे राहिली, तर उद्या परत निम्मी ह्याची, निम्मी माझी,” धाकटा म्हणाला. “तुमची झाली आणि तुम्ही आम्हाला हाताखाली ठेवलंत, तर दोघांनाही अख्खी मिळेल.”