तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

१९३८ साल. आदल्या दिवशी नागपूरच्या मुलांनी आपापले चाकांचे लाकडी नंदी गल्लोगल्ली मिरवले होते. आज मुलींच्या शाळेत अंबूबाईंनी गतीचे नियम शिकवायला तेच नंदी मागवले.

पाठीवर पाट्या रचल्या की नंदी ओढताना हात भरून येई. पाट्या उतरवल्या की तो सुसाट सुटे आणि भिंतीला धडकेपर्यंत थांबतच नसे. "सरक वं, आता माही पाळी," म्हणत अख्खा वर्ग त्याच्यामागे धावत होता.

घंटा झाली. बाईंनी विचारलं, "बोला, आज नवीन काय कळलं?"

सुभद्रेनं दोरी अजून सोडली नव्हती. "पोरीनं दोरी धरली तं नंदी चालत नाही, म्हणे आमचा दादा. हा तं पळते, बाई."