काळं कोठार

"रंग कुठला म्हणाले, दाजी?" शिडीवरून शिवराजनं विचारलं.

फोरमन मन्सूरचा फोन येऊन दोनच मिनिटं झाली होती. लाल, असं तो स्वच्छ म्हणाला होता. चौकटी पांढऱ्या, बाकी सगळं कोठार लाल.

"काळा," मच्छिंद्र म्हणाला.

"काळा? अख्ख्या कोठाराला?"

"तू कधी गेलतास रं अमेरिकेला? काळा म्हंजे काळा. यल्ला, चल, लाग कामाला."

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला येणाऱ्या अमेरिकन पाहुण्यांसाठी कतारच्या लुसैल शहरात एक मैदान सजत होतं. एका कोपऱ्यात टेक्सासच्या बैलाची मुंडी, शिंगं ही लांब. दुसऱ्या कोपऱ्यात समुद्रकाठच्या मेन राज्याचे, कोळ्यांच्या जाळ्यांना बांधतात ते रंगीत तरंगते ठोकळे. तिसऱ्यात केंटकीचं लाकडी कोठार. अमेरिका म्हणजे सगळी एकच, असं मच्छिंद्रला आजवर वाटायचं. पण इथं ज्याला त्याला आपल्याच गावाकडचं पाहिजे. आपल्याकडं नाही का, कोल्हापूरचा फेटा वेगळा आणि पुण्याची पगडी वेगळी, तसंच.

बैलाची मुंडी मच्छिंद्रनं घडवली होती. कोठार एकोणीस दिवस खपून त्यानंच उभं केलं होतं. पण शिवराजनं मुंडी रंगवली, तर येणारा जाणारा म्हणायचा काय? "वा, काय रंग दिलाय!" रंग वर असतो हो, लाकूड आत. सुताराला कोण विचारतो?

मच्छिंद्र जळत होता. दुसरा शब्दच नाही त्याला. शिवराज म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा, बबीताचा, धाकटा भाऊ. मच्छिंद्रची बारा वर्षं कतारमध्ये गेली. आठ महिन्यांपूर्वी शिवराजला त्यानंच शब्द टाकून इथं आणलं, दोहातल्या नजमा वस्तीतल्या खोलीत आपल्या शेजारची खाट दिली. आता बायकोसुद्धा फोन उचलला की आधी विचारते, "शिवा जेवला का?" आणि काल मन्सूरनं सांगितलं, सजावट संपत आली, पुढच्या आठवड्यात माणसं घरी पाठवणार. मॅच संपेपर्यंत डागडुजीला तुम्हा दोघांतला एकच राहील. हे बोलताना त्याचे डोळे शिवराजकडं होते.

चार वाजेपर्यंत कोठार काळंकुट्ट झालं. तेवढ्यात मन्सूर हॅरिएट मॅडमना घेऊन आला. केंटकीचा कोपरा त्यांच्याकडं होता.

"ये क्या किया?" मन्सूर लांबूनच ओरडला. "लाल बोला था मैंने, लाल!"

शिवराज शिडीवरून उतरला. त्यानं दाजींकडं पाहिलं. मच्छिंद्र खाली वाकून खिळे गोळा करायला लागला. उत्तर त्याच्याकडं तयार होतं. मी लालच सांगितलं साहेब, ह्यानं ऐकलं नाही. शिवराजनं दाजींचं नाव घ्यायचाच अवकाश होता.

"गलती मेरी है, साहब," शिवराज म्हणाला. "परत मारतो. उद्या सकाळपर्यंत लाल करतो."

मन्सूर आणखी काही बोलणार, तोच मॅडमनी हात वर केला. त्या पुढं गेल्या आणि फळीवर तळवा ठेवला. रंग ओला होता, हाताला लागला. तरी त्यांनी हात काढला नाही. मग भडाभडा बोलत सुटल्या. मन्सूर ऐकत राहिला आणि त्याचा आवाज खाली आला.

"मॅडम म्हणतात, त्यांच्या गावात कोठारं काळीच असतात. आत तंबाखू वाळत टाकतात, काळा रंग ऊन ओढतो म्हणून. ऑफिसात सगळे म्हणाले, चित्रात कोठार लालच असतं. भांडून भांडून थकल्या बिचाऱ्या. विचारतात, ये काला किसने सोचा?"

"दाजींनी," शिवराज लगेच म्हणाला. "मला काय कळतंय? काळा त्यांनीच सांगितला."

मॅडमनी मच्छिंद्रचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. डोळ्यांत पाणी होतं बाईंच्या. मन्सूरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"खलास. मच्छिंद्र रुकेगा," तो म्हणाला. शिवराजचं तिकीट बुधवारचं.

पाहिजे होतं ते मिळालं, पण मच्छिंद्रला ते गोड लागेना. इतके दिवस तो मेहुण्याच्या हाताचा हेवा करत होता, आता त्याच्या मनाचाही करायला लागला. खरं सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

शिवराजनं तिथंच उभ्यानं बहिणीला फोन लावला. "अक्का, दाजींनी नाव काढलं बघ!" सगळं सांगून झाल्यावर रंगानं माखलेल्या हातानंच त्यानं फोन दाजींच्या कानाला लावला.

"ऐकलं का?" बबीताचा आवाज आनंदानं फुटत होता. "शिवा येतोय! यंदाची भाऊबीज चुकत न्हाई बघा माझी."

"अन् पाडवा?" मच्छिंद्रनं विचारलं.



"पाडव्याला तुम्ही फोन लावा की," बबीता म्हणाली. "मोबाईलपुढं ताट धरते. तीन वर्षं धरतेच आहे, तसंच."

मच्छिंद्रनं फोन परत दिला. शिवराज त्याच्याकडं बघून हसायला लागला.

"दाजी, कानामागं काळं लागलंय तुमच्या. हां हां, पुसू नका, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तीट लागली म्हणायची. एवढं चांगलं झालंय, कुणाची नजर लागायला नको."