हलकी बंदूक

चामटोलीच्या दौलतरावांचं निम्मं भात रानडुकरांनी लोळवलं, तेव्हा त्यांनी परवाना काढून पिसासारखी हलकी बंदूक खास बनवून घेतली.

"आजोबा, बंदूक हलकी आहे, तर काडतूसपण हलकंच घ्या, नायतर धक्का बसेल हां!" नात श्रद्धा मोबाइलवर शूटिंग करता करता ओरडली.

"डुकराला काय गुदगुल्या करायच्यात?" म्हणत त्यांनी सगळ्यात जबरी काडतूस भरलं.

बार झाला. नेम चुकला, डुकरं ढिम्म हलली नाहीत. पण धक्क्याने चिखलात उताण्या पडलेल्या आजोबांनी अशी शिवी हासडली की अख्खा कळप धूम पळाला.

 

आता बंदूक कपाटात असते आणि शेतात स्पीकरवर ती शिवी वाजते. आजीची अट एकच आहे, पाहुणे आले की आवाज बंद.