बांगड्याचा घास

पक्षाघात झाल्यापासून आठ महिने दाजी तांडेलांच्या घशाखाली घास उतरला नव्हता; अन्न नळीतूनच जायचं. इस्पितळात आलेली नवी चकती दोघांनी एकेक कानामागे लावली, की एकाने खाल्लेल्याची चव दुसऱ्याच्या जिभेवर यायची. पण डॉक्टर, नर्स, समुपदेशक, कुणाशीच दाजींची जीभ जुळेना. जुळली ती फिजिओथेरपिस्ट मृण्मयी अभ्यंकरशी, आणि तिने जन्मात मासा खाल्ला नव्हता.

सुनेने तळलेला बांगडा आणला.

“नको गो चेडवा,” दाजी म्हणाले. “माझ्यासाठी तुझो नेम मोडू नको.”

मृण्मयीने घास तोंडात घातला. डोळे मिटून ती चावत राहिली. दाजींचे डोळे भरून आले.

“काटो सांभाळ गो बाय.”

मग तिनेच चार महिने खपून हलती केलेली त्यांची बोटं बशीकडे गेली, आणि तिच्या पुढच्या घासातले काटे एकेक करून वेचू लागली.