एका पायाची चप्पल

बाजारात बॉम्ब फुटल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मौलाना मशिदीत शिरले, ते आपल्या छोट्या मुलीची एक चप्पल हातात धरून. पट्टा तुटला म्हणून ती मशिदीसमोरच्या मोच्याकडे टाकून पोरगी लंगडी घालत बाजारात फुगा आणायला गेली, ती गेलीच. तेव्हापासून मौलानांना झोपेतही धुक्यापलीकडून यावी तशी तिच्या लंगडीची टपटप ऐकू यायची. दार सांभाळणारे चाचा दचकले. "अहो मौलाना, चप्पल आत?" मौलानांनी ती प्रवचनाच्या चौथऱ्यावर ठेवली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले. "चाचा, तिला मारणाऱ्यानं अल्लाचं नाव घेतलं. त्याच्या तोंडापेक्षा ही चप्पल पाक आहे. निरपराधांचा जीव घेणारा आपला कुणी लागत नाही." मौलानांना पुन्हा टपटप ऐकू आली. आणि दारातले चाचा हळूच बाजूला सरकले, कुणाला तरी वाट द्यावी तसे.