डोक्याचा नंबर

"डोळ्यांचा नंबर मशीनवर काढतो ना आपण? मग डोक्याचा का नाही?" बाबांनी विचारलं आणि त्यांच्यापुरता चष्म्याच्या दुकानाचा प्रश्न सुटला.

डॉक्टरांनी बाबांना काउंटरमागे उभं राहायला बंदी केली होती. दुकान दोघी मुलींपैकी एकीच्या हाती द्यायचं होतं, आणि एकीच्याच. दोन मालक म्हणजे रोजची कटकट, हे बाबांनी सख्ख्या भावाबरोबर पुरेपूर भोगलं होतं. तेव्हा रविवारी दोघींनी इंटरनेटवरची बुद्धिमत्ता चाचणी द्यायची. जिचा बुद्ध्यांक जास्त, तिचं दुकान. कल्पना मूळची थोरलीची.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली शाळेत कायम पहिली, आणि धाकटी गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेली. ही कसली परीक्षा? हा तर सरळसरळ डाव!

दुकान म्हणजे धाकटीचा जीव की प्राण. कॉलेज सोडल्यापासून ती तिथेच. आरशात बघताना गिऱ्हाईक आधी हसतं की आधी बायकोकडे बघतं, एवढ्यावरून फ्रेम खपणार की नाही ते ती सांगायची. थोरली वर्षभर दुकानात येत होती, पण मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची आणि गिऱ्हाईक आलं की धाकटीला हाक मारायची. तरी बाबांचं पालुपद एकच: "हुशार पोरगी घरात असताना दुकान दुसऱ्याच्या हाती कशाला?" दुसरं म्हणजे कोण, तर पोटची धाकटी! काय बोलणार यावर?

धाकटी हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने कंबर कसली. दिसेल त्या साइटवर सराव सुरू केला. कुठली आकृती पुढे येईल, कुठला आकडा रांगेत बसत नाही, एक ना दोन. सकाळी एका साइटने तिला एक्क्याण्णव दिले. संध्याकाळी दुसरीने एकशे चौतीस दिले आणि वर फुगे सोडून अभिनंदन केलं. ती फोन घेऊन तडक बाबांकडे गेली.

"बघा. सकाळी मी ढ, संध्याकाळी महापंडित. डोकं तेच आहे बाबा, मध्ये फक्त जेवले."

"दोन मशीनवर नंबर थोडा इकडे तिकडे होतोच."

"थोडा? उद्या गिऱ्हाइकाला उणे दोनच्या जागी अधिक चारची काच बसवली तर चालेल तुम्हाला?"

"ठरलं म्हणजे ठरलं," बाबा म्हणाले. त्यांचं एकदा ठरलं की ब्रह्मदेवाचंही चालत नसे.

थोरली सोफ्यावर मांडी घालून बसली होती. "घाबरलीस?" तिने फोनमधून डोकं वर न काढता विचारलं.

"तुला? मुळीच नाही."

"मग नीट तयारी कर. मी तर जीव ओतून देणार आहे. एकही प्रश्न सोडणार नाही."

"सोडूही नकोस. मला तुझी भीक नकोय." धाकटी दार आपटून आत गेली. मनात म्हणाली, घेऊन दाखव दुकान, बघतेच.

रविवारी शटर अर्धं खाली ओढून तिघं दुकानात बसली. कॉम्प्युटर एकच, म्हणून थोरलीने आधी द्यायची असं ठरलं. चाळीस प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय. निकाल दोघींचं झाल्यावरच उघडायचा. बाबा शेजारी स्टुलावर पंच होऊन बसले.

थोरलीने शेवटच्या मिनिटापर्यंत वेळ घेतला. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, मध्येच बोटांवर आकडेमोड. तिची ही मेहनत बघून धाकटीचा धीर खचायला लागला. पण खुर्चीवर बसल्यावर तिने पदवीधर बहीण, पंच बाप, सगळं डोक्यातून काढून टाकलं. येईल ते सोडवलं, न येईल तिथे अंदाजपंचे दाबलं आणि उठली.

"तुझा आधी बघू," बाबा म्हणाले.

चाळीसपैकी बावीस बरोबर. बुद्ध्यांक एकशे तीन.

एकशे तीन! एवढे तर थोरलीला झोपेतही पडतील. गेलं दुकान.

बाबांनी थोरलीचा निकाल उघडला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याला नाक टेकवलं. चाळीसपैकी शून्य बरोबर. बुद्ध्यांकाच्या जागी नुसती आडवी रेघ होती.

"मध्येच नेट गेलं होतं का गं?"

"नाही बाबा. सगळी उत्तरं मीच दिली. तुम्ही शेजारीच होतात."

बाबांनी निकालाचं पान बंद करून पुन्हा एकदा उघडून बघितलं. पण शब्द त्यांचा होता आणि मशीनही त्यांचंच. त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, धाकटीच्या हातावर ठेवल्या आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले.

धाकटीला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. पण थोरली शांतपणे कॉम्प्युटर बंद करत होती, आणि तिची पाठ बघून धाकटीला एकदम भरून आलं. काही झालं तरी बहीण. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली होती बिचारी, तीही बाबांसमोर.

"ताई, मनाला लावून घेऊ नकोस हं. या चाचण्यांना काही अर्थ नसतो. तुलाही कंटाळा आला असणार. डोळे मिटून दाबत गेलीस ना बटणं?"

"वेडी आहेस का?" थोरली वळली. "डोळे मिटून दाबली असती तर आठ-दहा तरी बरोबर आली असती. प्रत्येक प्रश्न आधी नीट सोडवावा लागला."